आठ सेकंदांसाठी लालबागपर्यंत

मंगळवारी संध्याकाळी मटार सोलता सोलता मी मुंबईला जायचं ठरवलं. ना सुट्टी होती, ना कोणाचं लग्न. नाशिकला आल्यापासून मुंबईचं नाव काढलं की मी काहीतरी कारण काढून टाळतो, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे बायकोने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

कारण होतं एक गाणं. माझा गिरगावचा मित्र मंदार वीसेक वर्षांपूर्वी ट्रान्स संगीत करायचा. मिनिटाला एकशेचाळीस ठोके, तासभर हात वर करून नाचायचं, असलं ते संगीत. त्याची सहा सिंगल्स तेव्हा बऱ्यापैकी वाजली. मग मी त्याच्याशी बोलणं टाकलं आणि पुढे तो काय करतो याची चौकशीही केली नाही. त्या मंगळवारी फोननेच सुचवलं, की मंदारचा नवा अल्बम आलाय. नाव ‘सावकाश’. तीच सहा गाणी, पण वेग जवळजवळ निम्म्यावर आणलेला. ठोके इतके लांब लांब, की मध्ये चहाचा घोट घेता येतो. जे तेव्हा अंगावर धावून यायचं, ते आता शेजारी येऊन बसत होतं. मला आवडलं, आणि आवडल्याचा रागही आला.

चौथ्या गाण्यात दोन मिनिटांनी सगळी वाद्यं थांबतात आणि एक माणूस आलाप घेतो. आठ सेकंद. मग पुन्हा ठोके. तो माणूस म्हणजे माझे बाबा.

बाबा गिरणीत होते आणि आमच्या चाळीतल्या भीमगीतांच्या गायन पार्टीत गायचे. पार्टीच्या कॅसेटी कोणी जयंतीला, कोणी बारशाला मागून नेल्या आणि एकही परत आली नाही. मंदारला एका सिंगलसाठी ‘खरा आवाज’ हवा होता, म्हणून मीच बाबांना त्याच्या गिरगावच्या खोलीवर घेऊन गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते ते. सिंगल आलं तेव्हा तो आवाज भरधाव पळवलेला, चिरका, एखाद्या लहान पोराचा वाटत होता. बाबांनी सीडी शेवटपर्यंत ऐकली आणि एवढंच म्हणाले, ‘घाई झाली त्यांना.’ पुढच्या वर्षी ते गेले, त्रेपन्नाव्या वर्षी. त्यांचा आवाज म्हणून माझ्याकडे ते चिरकं पोर तेवढं उरलं, आणि मंदारशी मी उभा दावा मांडला.

आता आठ सेकंद जर बाबांच्या वेगात ऐकू येत असतील, तर मंदारकडे त्या दिवशी भरलेली मूळ कॅसेट असणार. तिच्यात अख्खं गाणं असणार. मी निरोप टाकला, ‘शनिवारी येतोय.’ उत्तर आलं, ‘ये.’

ज्यांना नाशिकहून एका दिवसात जाऊन यायचंय त्यांच्यासाठी सांगतो: द्वारका चौकातून दादरच्या शेअर टॅक्स्या मिळतात. सीटमागे सहाशे घेतले. सकाळी सहाला बसलात तर कसारा घाट रिकामा मिळतो आणि दहापर्यंत दादर येतं. पुढची सीट मागून घ्या, मागे तिघांत माझ्यासारखे मधले झालात तर गुडघ्यांचं काही खरं नाही. घाटात मी ड्रायव्हरला विनंती करून ‘सावकाश’ लावायला दिला. तीन मिनिटांनी त्याने आरशातून पाहिलं.

“साहेब, गाणं चालू कधी होणार?”

“हेच आहे गाणं.”

“मला वाटलं नेटवर्क गेलं.”

चौथं गाणं आलं तेव्हा मी खिडकीकडे तोंड केलं. आवाज बाबांचाच होता. तरी काहीतरी खुपत होतं. बाबा थकल्यासारखे वाटत होते. एवढ्या वर्षांत माझीच आठवण झिजली असेल, अशी मी समजूत घातली.

दादरला उतरून आधी पोटाचं पाहिलं. थालीपीठ, लोण्याचा गोळा आणि पियुष. पियुष पूर्वीपेक्षा गोड झालंय, किंवा मी म्हातारा झालोय. तिथून गिरगावला भुयारी मेट्रोने गेलो. गार, चकाचक, आणि बाहेरचं काहीच दिसत नाही. ज्या रस्त्याने बाबांना टॅक्सीत बसवून नेलं होतं, तो अख्खा रस्ता डोक्यावरून निघून गेला. नवख्यांनी मेट्रोनेच जावं. जुन्यांनी वेळ असेल तर बस धरावी.

गिरगावात स्टेशनाच्या वर आलो की पाच मिनिटांवर मंदारची चाळ. दार त्यानेच उघडलं. केस गेलेत, पोट आलंय. एकोणीस वर्षांनी भेटत होतो.

“चहा टाकू?”

“कॅसेट कुठाय?”

त्याने चहाच टाकला. मग पाठमोऱ्यानेच म्हणाला, “कॅसेट नाहीये रे मिल्या. खोलीला रंग काढला तेव्हा कुठे गेली कळलंच नाही. हार्डडिस्क दोनदा बसली. माझ्याकडे फक्त ते सिंगल आहे. जे सगळ्यांकडे आहे तेच.”

“मग हा आवाज?”

“सिंगलमधून सोडवून घेतला. आता तशी सॉफ्टवेअर्स आलीत. आणि खाली आणला. तेव्हा किती वर नेला होता ते कुठे लिहून ठेवलंय? कान लावून लावून, जिथे मला तुझे बाबा वाटले तिथे थांबलो.”

म्हणजे मी चार तास गुडघे मोडून मंदारचा अंदाज ऐकायला आलो होतो. मी बोललोच त्याला, “विचारता नाही आलं?”

“तू फोन उचलला असतास?”

मी कप उचलला. चहा चांगला होता, हेही नोंदवतो. शेवटी त्यानेच विचारलं, “बाबांची पट्टी कुठली होती? तेवढं कळलं तरी नेमकं तिथे आणता येईल.”

मला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर ज्यांच्या मांडीशी बसून गाणी ऐकली, ते पेटीच्या कुठल्या पट्टीवरून गायचे, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. लाज वाटली. ठाऊक असेल असा एकच माणूस उरला होता: पार्टीतले ढोलकीवाले सखारामकाका, लालबागच्या आमच्या जुन्या चाळीत. मंदारने लॅपटॉप आणि छोटा स्पीकर पिशवीत टाकला आणि आम्ही टॅक्सी केली.

लालबागला उतरल्यावर चिवडा गल्लीतून अर्धा किलो पातळ पोह्यांचा घेतला, कारण काकांकडे रिकाम्या हाताने जायची सोय नाही. पुढे मसाल्याच्या गल्लीत मिरची कुटणं चालू होतं. मंदार शिंकून शिंकून बेजार झाला. चाळ अजून उभी आहे, मागे टॉवर आलाय, आणि दुपारी तीनलाच अंगणात सावली पडते.

काका आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. मी जय भीम घातला. त्यांनी आधी चिवड्याची पुडी पाहिली, मग मला.

“भिकाजीचा मिलिंद ना तू? एवढी वर्षं कुठं व्हतास?”

“नाशिकला, काका.”

“नाशिक काय अमेरिकेत हाय?”

पार्टीची पेटी आणि ढोलकी खाली बुद्धविहारात ठेवलेली असते. आम्ही तिथेच जाऊन सतरंजीवर बसलो. मंदारने स्पीकर लावून तो आलाप ऐकवला. काकांनी डोळे मिटून ऐकला.

“कोण हा?”

“बाबा आहेत, काका.”

“भिकाजी नाय हा. भिकाजीचा बाप असंल.” त्यांनी पेटी पुढे ओढली, भाता उघडला आणि एका पट्टीवर बोट ठेवलं. “भिकाजी काळी चारला गायचा. कायम. ह्यो खाली बसलाय. त्रेपन्नाव्या वर्षी गेला तो. एवढा म्हातारा कधी झाला?”

मंदार खाली मान घालून बसला. आधी आम्ही बाबांना पोर केलं होतं, आता म्हातारा केलं. दोन्ही वयं त्यांची नव्हती. घाटात मला जे खुपत होतं, ते हेच.

मग काकांनी काळी चार धरून ठेवली आणि मंदार लॅपटॉपवर आवाज केसाकेसाने वर सरकवू लागला. “अजून,” काका म्हणत होते. “अजून. जरा. थांब.” पेटीचा सूर आणि माणसाचा आवाज एकमेकांत मिसळून गेले, आणि बाबा आले. इस्त्रीच्या शर्टातले, दुसऱ्या पाळीहून येऊन तोंडावर पाणी मारून गायला बसणारे बाबा. मला रडू आवरलं नाही. कोणी समजूत काढली नाही, ते बरं केलं.

मंदारने ते पुन्हा पुन्हा चालू ठेवलं. काकांनी न सांगता ढोलकी मांडीवर घेतली. आलाप संपला, काकांचा हात वर गेला आणि वरच राहिला. पुन्हा आलाप, पुन्हा हात वर, आणि खाली नाहीच.

“वाजवा ना काका,” मंदार म्हणाला.

“त्यानं मान कुठं डोलावली?”

त्यांच्या पार्टीची ती पद्धत होती. आलाप झाला की गाणारा दम घेतो, ढोलकीकडे बघतो, मान डोलावतो, आणि तेव्हाच थाप पडते. बाबा मुद्दाम थांबायचे. लोक श्वास रोखून बसायचे. “मला लई ताटकळवायचा,” काका म्हणाले, “पण मी कधी आगाऊ आलो नाय.”

मंदारने गाणं बंद केलं. जुन्या सिंगलमध्ये आलाप संपायच्या आतच त्याने ठोके आणून आदळले होते, आणि ‘सावकाश’मध्येही ते मोजून तिथेच येत होते. ‘घाई झाली त्यांना.’ बाबांना चिरक्या आवाजाचं फार वाटलंच नसावं. त्यांना थांबू दिलं नाही, ते लागलं होतं. ते नेमकं बोलले होते, आणि मी एकोणीस वर्षं भलत्याच गोष्टीसाठी भांडत बसलो.

“मग किती थांबू?” मंदारने विचारलं.

काकांनी माझ्याकडे बोट केलं. “पोराला विचार. आता मान त्यानं डोलवायची.”

दोघं माझ्याकडे बघत बसले. माझ्याच्याने झालं नाही. मान डोलावली की आलाप संपला, एवढंच मला कळत होतं. मी सहाची टॅक्सी गाठायचीय असं सांगून उठलो. खोटं होतं, टॅक्स्या आठपर्यंत असतात. मंदार दादरपर्यंत सोडायला आला आणि मी टॅक्सीत बसताना त्याने माझा खांदा धरला तो जरा वेळ सोडला नाही.

घरी आल्यावर हिशोब केला तर हाती आलं ते इतकंच: अख्खं गाणं कुठेच नाही आणि आता मिळणारही नाही. आठ सेकंद आहेत, पण बाबांच्या पट्टीतले आहेत. शिवाय चिवडा सगळा काकांना देऊन मी घरी रिकाम्या हाताने आलो, त्यावरून तन्वीने, माझ्या मुलीने, दोन दिवस तोंड फुगवलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी मंदारला फोन केला. अकरा वाजता तो आणि काका विहारात बसले, मी इथे स्वयंपाकघरात तन्वीचा फोन डब्याला टेकवून. व्हिडिओ कॉलवर काकांची ढोलकी अर्धीच दिसत होती. मंदारने आलाप सोडला. बाबा गायले. आवाज संपला, काकांचा हात वर गेला आणि ते पडद्यातून माझ्याकडे बघत राहिले.

मी बाबांना पुरेसं थांबू दिलं. मग मान डोलावली.

लालबागला ती जरा उशिराने पोहोचली. काका थांबले होते.