रविवारचा दहावा शिक्का

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नव्हता आणि आजही नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे कमेंटमध्ये कोणी उतारा सुचवणार नाही.

२०११ च्या भूकंपानंतर काही वर्षांनी नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे आम्ही जपानमध्ये, कोबेला आलो. मराठी मंडळाच्या सहली माझ्याकडे — याद्या, तिकिटं, डोकी मोजणं. एकदा तासाभरावरच्या डोंगरातल्या गावात ट्रेझर हंट ठरवला. नकाशा घेऊन चालायचं, दहा ठिकाणं शोधायची, प्रत्येक ठिकाणी गावच्या ऑफिसने ठेवलेला शिक्का आपल्या कार्डावर मारायचा. गावावर जुन्या अमेरिकन मिशनऱ्यांचं प्युरिटन वळण — दारू नाही, नाचगाणं नाही, रविवारी खेळ नाही. आणि मी शहाणीने रविवारच निवडला, मंडळाला सुट्टी तेव्हाच ना!

सासरे, म्हणजे नाना, बरोबर होते. त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. निघताना नवऱ्याने बजावलं, "एकदा जरी हरवले, तर नाना पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत."

नववा शिक्का झाला. मोजलं तर एक कमी... नाना!

चाळीस मिनिटं धावाधाव. सापडले ते गावच्या ऑफिसबाहेर, बाकावर निवांत.

"काय गं, दमलीस?"

सवयीने त्यांचं कार्ड तपासलं. दहा शिक्के. दहावा चर्चचा.

ऑफिसातले मोरी-सान म्हणाले, "तो शिक्का रविवारी आम्ही बाहेर ठेवतच नाही." कुलूप काढून कपाटातला शिक्का दाखवला. पॅड कोरडं ठणठणीत. नानांच्या कार्डावरची शाई मात्र माझ्या बोटाला लागली.

"नाना, हा कोणी मारला?"

"काळ्या झग्यातल्या बाईंनी. म्हणाल्या, रविवारी खेळत नाहीत, पण आलाच आहात तर घ्या. सून शोधतेय, इथेच बसा."

"कुठल्या भाषेत?"

"मला कळलं ना? मग झालं!"

अशी बाई गावात नाही, असं मोरी-सान म्हणाले. दोनदा.

घरी नवरा भडकला. "बस्स. आता भासही व्हायला लागले."

मी कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. "भासाला शाई असते का? पुढच्या सहलीला नाना येणार. माझ्या शेजारी चालतील, पण येणार."

दुसरा शिक्का असेल, जुनं कार्ड असेल, मंडळातल्या इंजिनिअरांचं सगळं सुचवून झालं. एकही पटत नाही. राहू दे. त्यानंतर दोन वर्षं नाना एकाही सहलीला घरी राहिले नाहीत.