गाडी लागते म्हणून

लग्नानंतर पहिल्या वर्षापासूनच बायकोला माझी गाडी लागायची. सिरसाळ्याहून तिच्या माहेरी, उमापूरला निघालो की माजलगाव ओलांडेपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागायचं, पुढे मळमळ. माझी जुनी पेट्रोलची व्हॅन आहे. लग्नकार्याला, दवाखान्याला भाड्याने जाते. आई म्हणायची, पित्त आहे, उपाशीपोटी निघू नये. मी लिंबू, आलेपाक असं काय काय आणून ठेवायचो.

एकदा ती वैतागून म्हणाली, "यष्टीत मला कायबी होत न्हाई. तुमच्याच गाडीत कावून होतंय?"

मला ते लागलं. गिऱ्हाइकांपैकी कुणी कधी तक्रार केली नव्हती. पण गिऱ्हाईक घामाघूम होऊन सगळ्या काचा उघड्या टाकून बसायचं आणि तासाभरात उतरायचं, याचा मी विचार केला नव्हता.

त्या हिवाळ्यात मेहुणीच्या साखरपुड्याला निघालो. आईही सोबत होती. मधल्या सीटवर साड्यांच्या पिशव्या आणि फळांच्या करंड्या, म्हणून दोघी मागच्या बाकावर बसल्या. थंडी लई होती, त्यांनी काचा घट्ट लावून घेतल्या. मला तंबाखूची सवय, त्यामुळे माझी काच उघडीच असते. माजलगाव गेलं, धरणाकडचा ऊस मागे पडला. मागून दोघींचं बोलणं ऐकू यायचं, ते कधी थांबलं हे कळलंच नाही. गेवराईच्या अलीकडे चहाचं विचारलं, उत्तर नाही. झोपल्या असतील म्हणून पुन्हा हाक मारली. आई झोपेतही हाकेला ओ देते. त्या दिवशी दिली नाही.

गाडी कडेला घेतली आणि दार सरकवलं. आईची मान बायकोच्या खांद्यावर लोळत होती. बायकोचे डोळे अर्धवट उघडे, पण ओळख नव्हती. एकेकीला ओढून बाहेर काढलं, बांधावर बसवलं. वाऱ्यात आल्यावर बायकोला उलटी झाली आणि ती बोलायला लागली. आई मात्र आपण कुठे आहोत हेच विचारत राहिली.

वाऱ्यात बरं वाटलं म्हणून सगळ्या काचा उघड्या टाकून त्यांना गेवराईच्या दवाखान्यात नेलं, तिथे दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि गाडीत शेगडी होती का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग गाडीचाच धूर आत येतोय. त्या धुरातल्या विषारी वायूला ना रंग ना वास, माणूस झोपी गेला असंच वाटतं. आधी गाडी दाखवा, तोवर त्यात कुणाला बसवू नका.

साखरपुडा आमच्याविना झाला. दोघी यष्टीने घरी परतल्या. मी सगळ्या काचा खाली करून, कुडकुडत गाडी माजलगावच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली.

त्याला आधी मागच्या दाराच्या रबराचा संशय आला. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिली, तर ती सहज निघाली. रबर बदललं. मला वाटलं, संपलं. त्याला तसं वाटलं नाही. इंजिन गार होऊ दिलं. मग चालू करून त्याने सायलेन्सरच्या तोंडावर ओलं पोतं क्षणभर दाबलं आणि मला गाडीखाली ऐकायला सांगितलं. मधल्या सीटच्या खालून फुसफुस येत होती. तिथे धुराच्या पाइपाचा जोड होता; त्यावर साबणाचं पाणी टाकलं, तर बुडबुडे उठले. मग आतली चटई उचलली. माझ्याआधीच्या मालकाने तिथली एक सीट काढली होती, तिच्या बोल्टांची भोकं तशीच उघडी होती. त्यांच्या कडेला काजळीची कडी.

"तुमची काच उघडी राहिली की आतली हवा बाहेर ओढली जाती," मिस्त्री म्हणाला, "अन् तिच्या जागी खालून धूर वर येतो."

जोडाचं पॅकिंग नवं घातलं, पाइप वेल्ड केला, भोकांवर पत्रा बसवला. कोतवालासारखा मी तिथेच उभा राहिलो.

पुढच्या उमापूरच्या फेरीला बायको मागेच बसली. मी पुढे ये म्हटलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. इथंच कळंल." गेवराई आली तरी ती बोलत होती.

आईने सुनेजवळ चुकलं वगैरे काही म्हटलं नाही. पण आता शेजारणींना ती सांगते की आपली सून बोलते ते ऐकावं, तिला गाडीतलं कळतं.