मधुमतीबाईंनी वारा पकडला

मधुमती चौबळ यांनी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका होजियरी फॅक्टरीत सव्वीस वर्षं भोकं शोधली. काचेच्या पायावर टाइट्स चढवायच्या, आतला दिवा लावायचा, पाय गर्रकन फिरवायचा आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी ती जोडी बाजूला टाकायची. फॅक्टरी बंद झाली तेव्हा सुपरवायझरने निरोपाला सहा पोती सेकंड्स, म्हणजे बाद ठरलेल्या टाइट्स, दिली. "कशाला तरी लागतील" म्हणून बाईंनी ती लॉफ्टमध्ये कोंबली, आणि मग पाच वर्षं त्यांच्या नजरेला काही कामच उरलं नाही.

२००६चा जानेवारी आला तो गॅसच्या वाढलेल्या दरांसकट. बेलग्रेव्ह रोडमागच्या त्यांच्या जुन्या घरात दिवसभर थर्मोस्टॅटवरून झटापट चाले. शशिधरराव आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेले; ते बाथरूमला जाता जाता काटा पंचविसावर नेत, बाई चहा करायला उठल्या की अठरावर आणत. रेडिएटर हाताला चटका देई, आणि तरी शशिधरराव ओव्हरकोट आणि माकडटोपी घालून टीव्ही बघत.

"अहो, एवढी उष्णता जाते कुठे?" बाई विचारत.

"ते तू बॉयलरला विचार."

एका मंगळवारी कम्युनिटी हॉलमध्ये कौन्सिलचा अजय नावाचा तरुण ऊर्जाबचतीवर बोलायला आला. तो म्हणाला, जुन्या घरातल्या सगळ्या फटी आणि भोकं एकत्र केली, तर एक खिडकी रात्रंदिवस उघडी ठेवल्यासारखं होतं. बॉयलरजवळची हवेची जाळी तेवढी कधीच बुजवू नका, ती जिवासाठी असते. बाकी सगळं शोधा आणि बंद करा.

बाकीच्यांनी चहा-बिस्किटं घेतली. मधुमतीबाईंना मात्र 'भोकं' या शब्दानेच अंगात वारं भरलं. घरी आल्या, कोट न काढता देवघरातल्या दोन उदबत्त्या पेटवल्या आणि भिंतीभिंतीने निघाल्या. धूर सरळ वर गेला की पुढे. धूर वाकला की थांबायचं. दाराच्या टपालाच्या फटीशी तो वाकला. भिंतीच्या तळाच्या लाकडी पट्टीपाशी वाकला. किल्लीच्या भोकाशी तर चक्क आडवा झाला. पुढच्या खोलीत हार्डबोर्ड लावून झाकलेल्या जुन्या फायरप्लेसजवळ पोचल्या, तर सगळा धूर सुर्रकन कडेने आत ओढला गेला, जणू पलीकडे कुणी सरबत पीत बसलंय.

"पकडला," त्या म्हणाल्या.

"कोणाला?" शशिधररावांनी टोपी कानावरून वर केली.

लॉफ्टमधली पोती खाली आली. उशीच्या दोन अभ्र्यांत टाइट्स ठासून भरून एक गलेलठ्ठ गोळा धुराड्यात बसला. टाइट्समध्ये टाइट्स भरून लांबलचक साप झाले, ते दारांच्या तळाशी लोळू लागले. काही साप त्वचेच्या रंगाचे होते. संध्याकाळी जिन्याखाली तसलाच एक अर्धवट भरलेला पाय पाहून शशिधररावांच्या हातून चहाचा कप सुटला. पण चौथ्या दिवशी ते शर्टावर बसलेले दिसले आणि काटा एकोणिसावर होता. तो त्यांनीच तिथे ठेवला होता, कबूल मात्र केलं नाही.

शेजारच्या पॉलीनने हे सारं खिडकीतून पाहिलं होतं. तीस वर्षांपासूनची शेजारीण, नवरा रॉन जाऊन दोन वर्षं झालेली. तिने कुंपणावरून हळूच विचारलं, "मधू, तू घर शुद्ध करत होतीस ना? माझ्याकडे येशील? रॉन गेल्यापासून माझ्या जिन्यावर एक थंडगार जागा आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही."

बाईंनी काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडलं, मग पॉलीनचा चेहरा पाहून नुसत्या उदबत्त्या घेऊन गेल्या. तिसऱ्या पायरीवर धूर एकदम वळला. पॉलीनने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"तोच आहे का?"

बाईंनी गुडघे टेकले, कार्पेटची कड उचलली. पायरीच्या कोपऱ्यात अंगठा जाईल एवढं भोक होतं, आणि त्यातून तळघराचा वारा येत होता.

पॉलीन बघतच राहिली. "हे रॉनने पाडलं. अठ्ठ्याहत्तर साली, टीव्हीच्या वायरसाठी. वायर दुसरीकडून नेली आणि म्हणाला, रविवारी बुजवतो."

"मग तोच आहे," मधुमतीबाई म्हणाल्या.

आधी वाटलं, पॉलीन रडेल. पण तिच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला, तो हसण्याचा होता. मग बाईंनाही हसू आवरेना, आणि दोघी साठीच्या बायका पायरीवर एकमेकींवर रेलून डोळे पुसेपर्यंत हसल्या. भोक बुजवायला पॉलीनने स्वतः टाइट्सचा बोळा केला. "अठ्ठावीस वर्षांनी आला तुझा रविवार," असं भोकाला सांगून तिने तो आत दाबला.

पॉलीनच्या तोंडात काही राहत नसे. पंधरवड्यात गल्लीतली अकरा घरं झाली. कुणी भजी खाऊ घातली, कुणी केक. एका आजोबांनी भुतं निघाली नाहीत म्हणून तक्रार केली.

मार्चमध्ये अजयने बाईंना हॉलमध्ये प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं. चाळीस खुर्च्या भरल्या. बाईंनी उत्साहाच्या भरात दोनऐवजी अख्खा पुडा पेटवला, आणि छताजवळचा अलार्म असा किंचाळला की सगळे कोट घेऊन फुटपाथवर. अजयचा चेहरा पांढराफटक.

मधुमतीबाई हॉलच्या दारापाशी वाकल्या. फटीतून धुराची बारीक रेघ शिस्तीत बाहेर येत होती.

"या, इकडून बघा," त्यांनी चाळीस जणांना हाक मारली. "बाहेरून तर जास्तच छान दिसतंय."

आणि कुडकुडत, खिदळत, लोक दारासमोर रांगेत उभे राहिले.