यू.एस. बी

स्पीकर आणायचे, असं अप्पांनी एका मंगळवारी दुपारी जेवताना जाहीर केलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. त्या दिवसापर्यंत घरातल्या कॉम्प्युटरकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"कावून?" आईनं विचारलं.

"भजनं ऐकायला."

भजनं ऐकायला आमच्याकडं टेपरेकॉर्डर होता, रेडिओ होता, आणि समोरच्या देवळाचा भोंगा होता, जो रोज पहाटे कुणाला न विचारता भजनं ऐकवायचा. पण वडलांच्या कारणात खोट काढायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी काढायची आणि बोलणी खायची. त्या दिवशी मात्र मीही गप्प बसले, कारण स्पीकर मलाही हवेच होते. गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला जायचे, आणि घरचा कॉम्प्युटर मुका, ही माझ्या धंद्याला शोभणारी गोष्ट नव्हती.

घाटनांदूरला अप्पांचं भांड्यांचं दुकान. माणूस कमी बोलायचा, आणि माझी थोरली बहीण अमेरिकेला गेल्यापासून त्याहून कमी. ताईनं पुण्याला शिकताना आपल्या मनानं लग्न केलं, तेही जातीबाहेर, आणि आम्हाला लग्नानंतर कळवलं. अप्पांनी आरडाओरडा केला नाही. "आमाला ती मेली" असलंही काही म्हणाले नाहीत. ते नाटकं करणाऱ्यातले नव्हते. त्यांनी नुसतं तिचं नाव घ्यायचं थांबवलं. तिची पत्रं पोस्टमन दुकानात द्यायचा. अप्पा पाकीट आईच्या हातात ठेवायचे आणि हातपाय धुवायला जायचे. असं तीन वर्षं चाललं.

त्या तीन वर्षांत आईची तब्येत खालावली. काय होतंय विचारलं की म्हणायची, "काही न्हाई गं. ह्यांनी एकदा तिला हाक मारली की मी मोकळी." लेकीला नवरा मिळाला होता, नोकरी मिळाली होती, आता पोटुशी होती, आणि आईचा जीव अडकला होता तो एका हाकेत. मी दोघांवरही चिडून होते. ताईवर, ती मजेत होती आणि मला बघायला येणारा प्रत्येक पाव्हणा पोहे खाता खाता तिचीच चौकशी करायचा म्हणून. आणि अप्पांवर, आतल्या आत कुढायचे आणि कबूल करायचे नाहीत म्हणून.

दर रविवारी सकाळी नऊला ताई कॉम्प्युटरवरून बोलायची. आई डोक्यावरच्या पदरावरूनच हेडफोन चढवायची, तोंडापुढं माईक ओढायची आणि गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात "बोल गं बाई" म्हणायची. ताई काय म्हणतेय ते एकट्या आईला ऐकू यायचं. अप्पा त्याच खोलीत पलंगावर पेपर वाचत बसायचे. घरात आणखी तीन खोल्या होत्या. शिवाय रविवारचा पेपर आमच्याकडं अकराच्या एसटीनं यायचा, त्यामुळं नऊ वाजता अप्पांच्या हातात शनिवारचा असायचा. हे मी एकदा बोलून दाखवलं. त्यावर ते म्हणाले, "नीट वाचायचा राहिलाय."

तर बुधवारी आम्ही जीपनं अंबाजोगाईला गेलो. बापलेक असं दोघंच कुठं गेल्याचं मला आठवत नाही. वाटेत मी त्यांना स्पीकरबद्दल सगळं समजावून सांगितलं: बास म्हणजे काय, वूफर म्हणजे काय, दोन लहान आणि एक मोठा असा संच घेतला तर आवाज कसा भरून येतो. अप्पा "हं" म्हणत होते. जीपमधले बाकीचे लोकही "हं" म्हणत होते.

कॉम्प्युटरच्या दुकानात काचेच्या फळीवर स्पीकर मांडले होते. अप्पांनी टोपी नीट केली, पुढं झाले आणि पहिल्या स्पीकरवर बोटाच्या पेरानं टक् टक् केलं. मग कान लावला. मग दुसऱ्यावर. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं, पण त्यांचं चुकत नव्हतं. भांडं असंच घेतात. घागर असो, पातेलं असो, हातावर तोलून वाजवायची. खणखणीत वाजली तर ठेवायची, बद्द वाजली तर तडा असणार, परत करायची. त्यांच्या कानाला केसाएवढा तडा कळायचा. व्यापारी त्यांच्याकडं फुटका माल पाठवायच्या भानगडीत पडत नसत.

"सगळे बद्द हायत," अप्पा म्हणाले.

दुकानदार पंचविशीचा, गळ्यात सोन्याची चेन. हसावं का नाही ते त्याला समजेना. "काका, ते असं वाजवायचं नसतंय. ते आपलं आपण वाजतंय."

"मंग वाजवा की."

त्यानं मी दाखवलेला मोठा संच लावला. वूफर घुमला, फळीवरच्या काचा थरथरल्या, लटकवलेली मोबाईलची कव्हरं हलायला लागली. माझं काळीज सुपाएवढं झालं. अप्पा म्हणाले, "आपल्या घरी लगीन हाय का?"

"न्हाई, तुम्ही ठरवलंच न्हाई अजून," मी म्हणाले. ते त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

तेवढ्यात दुकानदारानं कोपऱ्यातून एक खोकं काढलं. आत दोन काळे स्पीकर, मुठीत मावतील एवढे. त्यांच्यातून जे गाणं आलं ते डालड्याच्या डब्यात बसून कुणीतरी म्हणत होतं. मी मान हलवून नको म्हटलं.

"ह्याला प्लग लागत न्हाई काका. लोडशेडिंगला लई बरं, इन्व्हर्टरवर लोड येत न्हाई. वायर सरळ कॉम्प्युटरमधी. यू.एस.बी. हाय."

अप्पा बाहेर पडायला वळले होते, ते थांबले. "काय हाय?"

"यू.एस.बी."

त्यांनी खोकं हातात घेतलं आणि उजेडाला नेलं. इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही, पण कॅपिटल अक्षरं पाठ होती. लग्नातल्या भांड्यांवर मशीननं नावं घालून घालून ती बसली होती. एकेका अक्षराखाली बोट ठेवून त्यांनी खात्री केली. मग मोठ्या संचाकडं हनुवटी केली. "त्याच्यावर हाय का हे?"

"न्हाई, त्याला नुसतं लाईटचं."

"मंग हेच द्या."

मी भांडले. दुकानदारासमोर भांडले, आता सांगायला लाज नाही. "अप्पा, आवाज बगा कसा येतोय!"

"येऊ दे."

"चार दिवसात बिगडंल."

"बिगडू दे."

"पण कावून हेच? कारण तर सांगा!"

"तुला काय करायचंय?" असं म्हणून ते दुकानदाराकडं वळले. "बांधा."

तीन वर्षं ऐकत होते मी हे. ताईचं विचारलं की तुला काय करायचंय. माझं लग्न का लांबलं विचारलं की तुला काय करायचंय. लग्न माझं, पण करायचं यांना. परतीच्या जीपमध्ये मी मुद्दाम खिडकीशी बसले आणि तोंड बाहेर केलं. अप्पांनी खोकं मांडीवर घेतलं होतं आणि दोन्ही हातांनी धरलं होतं. जीप खड्ड्यात गेली की ते आधी खोकं सावरायचे, मग टोपी.

अर्ध्या वाटेत त्यांनी माझ्या दंडाला बोट लावलं. खोक्यावरची तीन अक्षरं दाखवत, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "म्हंजे बग, बाकीचे सगळे इथल्या इथं. अन हे इथं चालतंय, अन यू.एस. बी. असंच ना?"

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं.

आमच्याकडं 'बी' म्हणजे 'सुद्धा'. मला बी दे. तू बी ये. आणि यू.एस. म्हणजे पाकिटावर ताई मागं लिहायची त्या तिच्या पत्त्यातली शेवटची ओळ. जे पाकीट हे न वाचता आईच्या हातात ठेवायचे, त्याचा पत्ता हे वाचत होते. तीन वर्षं, प्रत्येक पाकिटाचा. अमेरिकेहून येणारा आवाज ऐकवणारा स्पीकर कोणता, हे ते खोक्यावर शोधत होते, आणि दुकानात ज्या एकाच खोक्यावर तसं लिहिलेलं सापडलं ते आता त्यांच्या मांडीवर होतं.

यू.एस.बी. म्हणजे युनिव्हर्सल सीरियल बस, हे मी क्लासमध्ये इतक्या पोरांकडून घोकून घेतलं होतं की झोपेतून उठवलं तरी त्यांनी सांगितलं असतं. ज्याला यायचं नाही त्याला दहादा लिहायला लावायची. मी लग्नपत्रिका हातात आली तर आधी त्यातल्या चुका काढणारी बाई. जिभेवर आलं होतं. तोंडही उघडलं होतं.

"बरोबर हाय, अप्पा," मी म्हणाले.

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि एवढं समाधान त्यांच्या तोंडावर मी दुकानाच्या पाडव्यालासुद्धा पाहिलं नव्हतं. मी पुन्हा तोंड बाहेर केलं. मला रडू येत होतं, सरळ सांगते. तीन वर्षं ज्या माणसाला दगड म्हणत आले, तो भरल्या जीपमध्ये मांडीवर खोकं धरून बसला होता.

रविवार उजाडला. आठला लाईट गेली, ती नेहमीच जायची. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आणि नेटची पेटी तेवढी चालू. मी स्पीकरची यू.एस.बी. वायर कॉम्प्युटरमध्ये खोचली, मग हेडफोनची ऐकायची पिन काढून तिथं स्पीकरची लावली. बोलायची पिन होती तिथंच राहू दिली. म्हणजे आता ऐकायचं स्पीकरमधून आणि बोलायचं हेडफोनच्या माईकमध्ये. हे मी आईला तीनदा सांगितलं. तिनं तीनदा मान हलवली आणि हेडफोन नेहमीसारखा कानावर चढवून बसली. अप्पा पलंगावर शनिवारचा पेपर घेऊन बसले. आज पलंग कॉम्प्युटरकडं हातभर सरकला होता. तो कुणी सरकवला हे कुणी विचारलं नाही.

नऊ वाजता ताईचा आवाज खोलीत आला.

डब्यातून आल्यासारखाच आला. पण आला. "आई?" तीन वर्षांत त्या घरात तो पहिल्यांदा मोठ्यानं वाजला. अप्पांचा पेपर हलला नाही. त्यांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर गेला आणि तिथंच राहिला.

आईनं नेहमीसारखं सुरू केलं: जेवलीस का, पाय सुजतेत का, बडीशेपचं पाणी घेतीस का. ताई हो हो म्हणत होती. स्पीकर लावलेत, अप्पा इथंच बसलेत, हे आईनं तिला सांगितलंच नाही. आधी विसरली, आणि मग ताईनं जे विचारलं त्यानंतर सांगायची सोय राहिली नाही.

"आई, अप्पांनी विचारलं का गं माझं?"

सहज विचारलं तिनं, दर रविवारी विचारल्यासारखं. आणि मला तेव्हा कळलं की ती दर रविवारी हेच विचारत होती. एकट्या आईच्या कानात. आणि आई जे मोठ्यानं म्हणायची, "व्हय व्हय, रोज, रोज," ते मी आणि अप्पा आजवर गोळ्या घेतीस का, दूध पितीस का अशा कशाचं तरी उत्तर समजत होतो.

आता आईला ते म्हणता येईना. ज्याच्या नावानं खोटं सांगायचं तो माणूस दोन हात अंतरावर बसून ऐकत होता. तिनं अप्पांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग माईकचं बोंड मुठीत झाकून धरलं.

"आई? ऐकू येतंय का?" मग जरा थांबून, हळू: "न्हाई ना विचारलं? असू दे गं. मला ठावं हाय, तू उगं म्हणतीस."

अप्पा उठले. पेपर खाली पडला. ते टेबलाशी आले, उजव्या स्पीकरपुढं वाकले आणि तोंड त्याच्या अगदी जवळ नेऊन म्हणाले, "विचारतो."

लेकीचा आवाज जिथून येत होता तिथंच बोलायचं, एवढंच त्यांना माहीत. माईक आईच्या मुठीत, ताईला अर्थातच काही ऐकू गेलं नाही. "चल, ठेवते मी," ती म्हणाली. "तू जिवाला लावून घेऊ नको."

"विचारतो म्हणलं की गं!" अप्पा स्पीकरवर ओरडले, आणि बोटाच्या पेरानं त्याला टक् टक् टक् वाजवायला लागले.

मी आईच्या डोक्यावरून हेडफोन ओढला. तिचा पदर त्यात गुंतून आला, अंबाडा सुटला, ती "आगं" म्हणाली. मी तो तसाच पदरासकट अप्पांच्या तोंडापुढं धरला आणि किंचाळले, "ताई, ठेवू नको! अप्पा! ह्याच्यात बोला, अप्पा, ह्याच्यात!"

त्यांनी त्या काळ्या बोंडाकडं पाहिलं. आता सगळं त्यांच्या हातात होतं आणि ते घाबरले होते. मी माझ्या बापाला घाबरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी ताईला हाक मारली. नावानं नाही, लहानपणी मारायचे तशी.

"बाळे, विचारतो गं मी. तुझ्या आईला न्हाई विचारत. पण विचारतो."

 पलीकडून बारीक, तुटक तुटक काहीतरी यायला लागलं. अप्पांनी कान लावला. भुवया आक्रसल्या. बद्द वाजणारं भांडं हातात आल्यासारखे ते माझ्याकडं वळले.

"बिगडलं का गं हे?"

"न्हाई अप्पा. ताई रडायलीय."

ते स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि परत कान लावला. थोड्या वेळानं, बंद करावं का काय म्हणून माझा हात पुढं झाला, तर त्यांनी तो धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "ऐकू दे मला."