मरियेसमोरचा ग्लास

आमच्या लातूरच्या घरात संध्याकाळची जपमाळ म्हणताना सगळ्यांच्या नजरा मरियेच्या पुतळ्यावर खिळलेल्या असत. नांदेडहून अधूनमधून येणारे फादर यावर इतके खूश, की प्रवचनात आमच्या घराचा दाखला देत. खरं तर पुतळ्याकडं कुणीच बघत नव्हतं. पुतळ्यासमोर काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास असे, आणि त्यातलं पाणी हलतंय का, हे आम्ही बघत असू.

ही पद्धत मायची. माय म्हणजे माझी आजी. भूकंपात किल्लारीकडचं तिचं माहेर दगडमातीखाली गेलं. तिची आजारी बहीण तिथं खाटेवर होती. धडधाकट माणसं बाहेर पळाली, आणि खाटेवर कुणीतरी होतं हे त्यांना अंगणात आल्यावर आठवलं. माय हे रडून सांगत नसे. जेवताना, भाकरी मोडता मोडता सांगायची.

देवावर तिचा पूर्ण भरवसा होता, जमिनीवर नव्हता. घरात कुठलीही प्रार्थना चालू असताना दार सताड उघडं ठेवायचं, हा तिचा दुसरा नियम.

पुढं लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. देवणीपासून भोकरपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊ लागली. त्यांना भाड्यानं द्यायला वडिलांनी घरावर एक मजला चढवला, मग दुसरा, मग तिसरा. दर मजल्याला फीत, हार आणि फादरांचं पवित्र पाणी. माय खालून वर बघायची.

"माझ्या डोस्क्यावर किती पोरं ठेवलास रं?"

"माय, स्लॅब हाय. सिमेंटचं काम हाय."

"दगडाच्या भिंतीबी पक्क्याच होत्या की."

मग ती पडली, खुबा मोडला, आणि तिची खाट पुतळ्याजवळ आली. त्या दिवसापासून मला रोज एकच प्रश्न.

"जमीन हालली तर मला उचलशील न्हवं?"

"शप्पथ, माय."

"शप्पथ नको. पाप हाय. नुस्तं उचल."

आम्ही तालीमही केली. वडील डोक्याकडं, मी पायथ्याशी. दार अरुंद असल्यानं खाट तिरकी करावी लागे, तेव्हा माय दोन्ही हातांनी खाटेची कड धरून हसायची. हसताना तिचे ओठ पांढरे पडलेले असायचे.

एका दुपारी तिचा श्वास लागला, म्हणून फादर आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेल घेऊन आले. गळ्यात जांभळा पट्टा, घंटी, चांदीची डबी. मरणाला एवढ्या थाटाची गरज असते का, असा विचार करत मी उभा होतो. फादरांनी मायच्या कपाळावर तेलाचा क्रूस काढला आणि ग्लासातलं पाणी थरथरलं. एक वर्तुळ, मग दुसरं. वर काहीतरी गडगडलं.

कुणी ओरडलं नाही. आम्ही नुसते पळालो.

बाहेर लिंबाखाली सगळे होते. वडील, आई, मी. फादर अनवाणी. तेवढ्यात जिन्यावरून तिन्ही मजल्यांची पोरं धडाधडा उतरली. निकाल लागला होता, तो बघायला ती धावत निघाली होती. जमीन जागची हललीच नव्हती.

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मी दाराकडं. ते आमच्याच नियमानं सताड उघडं होतं, आणि त्यातून खाटेचा पायथा दिसत होता, जो मी धरायचा होता. भूकंपाची भीती संपली होती. तरी माझे पाय उचलत नव्हते.

शेवटी आत गेलो. कपाळावरचं तेल ओघळून मायच्या भुवईत आलं होतं. मी ते पुसलं.

"हाललं का रं?"

"न्हाई माय. पोरांचा निकाल लागलाय."

"पास झाली का?"

"झाली असतील."

"बरं झालं." मग उशाकडं हात करत, "फादरांची डबी हितंच राहिली बग. दे त्यांना."

त्यानंतर माय तीन वर्षं जगली. उचलशील का, हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. संध्याकाळी दार उघडं असे, ग्लास भरलेला असे, आम्ही पाण्याकडं बघत 'नमो मरिये' म्हणत असू. माय मात्र आता पाण्याकडं बघत नसे. खाटेवरून मान जरा वळवून ती आमच्या पायांकडं बघत राहायची.