ड्रुइड कासव होत नाही

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी, गडचिरोलीच्या होस्टेलात, दर रविवारी दुपारी मी देव असायचे. हे मी आजही ताठ मानेनं सांगते, कारण मी उत्तम देव होते. कुणाचीही गय केली नाही, कुणाशी दुजाभाव केला नाही आणि फासा नेहमी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टाकला.

झालं असं की हैदराबादला कॉम्प्युटर शिकणारा माझा मामेभाऊ सुटीत चंद्रपूरजवळच्या मूल गावी आमच्या घरी आला होता. जाताना त्यानं झेरॉक्स केलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा एक फासा मला देऊन टाकला. खेळ साधा होता. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे फासा टाकायचा. गोष्ट सांगणारी, म्हणजे त्या जगातला देव, मी. माझ्या खोलीतल्या तिघी खेळणाऱ्या. चंद्रपूरची होती ती लढवय्यी झाली, सिंदेवाहीची होती ती चोर झाली, आणि कोरचीकडच्या एका जंगलातल्या गावाहून आलेली तिसरी ड्रुइड झाली.

ड्रुइड म्हणजे रानाचा पुजारी. त्याला जनावराचं रूप घेता येतं. पण मन मानेल तसं नाही, आणि इथेच माझ्यासारखीचं फावतं. दिवसातून दोनदाच रूप बदलायचं. मांजरापेक्षा लहान जनावर चालणार नाही, गव्यापेक्षा मोठं चालणार नाही. पाण्याबाहेर जगत नाही असा प्राणी, म्हणजे मासा वगैरे, व्हायचं नाही. जनावर झालं की बोलणं बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे जनावर ओळखीचं आहे तेच होता येतं. पुस्तकात नुसतं ‘ओळखीचं’ लिहिलं होतं. मी त्याचा अर्थ लावला, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. चंद्रपूरचीनं टीव्हीवर सिंह पाहिल्याचा दावा केला, तो मी फेटाळला. सिंदेवाहीचीनं सर्कशीतला हत्ती पाहिला होता, त्यावर अर्धा तास भांडण झालं. शेवटी हत्ती तसाही गव्यापेक्षा मोठा निघाला म्हणून मिटलं.

या नियमामुळेच ड्रुइड तिच्या वाट्याला आला. आम्ही तिघींनी मिळून जितकी जनावरं पाहिली होती त्याच्या दुप्पट तिनं एकटीनं पाहिली होती. मोहफुलं वेचताना अस्वल, धानाच्या बांधावर रानडुक्कर, तडस, साळिंदर, घोरपड. पुस्तकातले लांडगे आणि बर्फातली अस्वलं खोडून मी एका वहीत आपल्या इकडच्या बावीस जनावरांची यादी केली. त्या वहीचा मला भारी अभिमान होता.

वर्गात ती तोंड उघडत नसे. घरची बोली गोंडी, त्यामुळे मराठीत अडखळली की मागच्या बाकावरून खसखस व्हायची. पण रविवारी ती अशी काही बोलायची की आम्ही ऐकत राहायचो. अस्वल झाली तर वारा कुठून येतोय ते आधी विचारायची, मग पाऊल टाकायची. खेळ तिच्यामुळे खेळ होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

परीक्षेला तीन महिने उरले असताना आमची गोष्ट एका नदीपाशी आली. पलीकडे जाणं भाग होतं, मागे शत्रूचे तिरंदाज. ड्रुइडनं दोर धरून दोघींना पार लावलं आणि स्वतः पाण्यात अडकला. अंगात दोन बाण, जीव शिल्लक जेमतेम, रूप बदलायची एकच संधी उरलेली. आणि माझा जुना नियम होता, जो मेला तो गोष्ट संपेपर्यंत बाहेर. म्हणजे परीक्षेपर्यंत. म्हणजे कायमचाच, कारण नंतर आम्ही चौघी चार गावांना जाणार होतो.

चंद्रपूरचीला लगेच सुचलं, कासव हो. नदीतलं मोठं कासव. पाठीवर बाण लागत नाही, खालून निघून जाता येतं. माझ्याही मनात तेच होतं. खरं सांगायचं तर ती वाट मी तिच्यासाठीच ठेवली होती.

“मले कासव नाई होता येत,” ती म्हणाली.

मी वही तिच्यापुढे आपटली. यादीत अकरावं नाव कासवाचं आहे, तूच गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, पाहिल्याचं सांगितलं होतंस, मग अडलं कुठे?

“आमी चार देव पुजनारे गोंड. कासव आमच्या कुळाचं हाये. मेलेलं दिसलं तं घरचे सुतक पाळतेत. इथी मी कासव होईन आन् तू फासा टाकून त्याले बाण मारशील.”

मला राग आला. माझ्या चोख यादीला कुणीतरी भोक पाडलं होतं. मी म्हटलं, हे कागदावरचं कासव आहे.

“ड्रुइड बी कागदावरचाच हाये,” ती शांतपणे म्हणाली. “त्याच्यासाठी तू वर्षभर भांडून राह्यली न?”

मी वही ओढून घेतली. सिंदेवाहीचीनं तिला मगर सुचवली, पण मगर तिनं पाहिली नव्हती. बेडूक लहान पडत होता. ती घोरपड झाली. घोरपड पोहते, बुडी मारते, पण पाठ उघडी. बाण चुकायला फाशावर बाराच्या खाली पडायला हवं होतं. मी सगळ्यांसमोर फासा टाकला. सतरा पडले.

बाण लागला, ड्रुइड मेला. तिनं ड्रुइडची माहिती लिहिलेला कागद नीट चार घड्या घालून पेटीत ठेवला आणि ती कपडे वाळत घालायला गेली.

आठवडाभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. चूक नियमाची नव्हती, चूक माझी होती. मी बावीस जनावरं लिहून काढली, पण ती कुणाची कोण लागतात हे एकदाही विचारलं नाही. तिच्याशिवाय बसायची कल्पनाच मला नकोशी झाली. पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर मी नवा नियम लिहून तिच्या खाटेपाशी गेले. यादीतून कासव खोडलेलं, आणि खाली लिहिलेलं, ड्रुइड मेला नाही, बेशुद्ध होऊन खालच्या घाटाला लागला.

तिनं ते सावकाश वाचलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. कासव खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, हे बरं केलं. मग खालचं वाक्य तिनं माझ्याच पेननं खोडून टाकलं.

मी तिला विनवलं. तिघींत मजा नाही, बाकीच्यांनाही तूच हवी आहेस, सगळं सांगितलं. चुकून डोळ्यांत पाणीही आलं माझ्या.

“कॉलेजात समद्या मले सवलतवाली म्हणतेत,” ती म्हणाली. “तोंडावर नाई म्हणत, पन आयकू येते. तुह्या खेळात मले कोनं काई सोडलं नाई. मी नियमानं जगली आन् नियमानं मेली. आता तू बी सवलत देऊ नको.”

मी वही घेऊन परत आले आणि आम्ही तिघी खेळायला बसलो. तिच्या त्या ‘समद्यां’मध्ये मीही होते. पहिल्या वर्षी मेसच्या रांगेत, तिची-माझी ओळख नसताना, आदिवासी मुलींसाठी तो ‘सवलतवाली’ शब्द मीही हसत हसत वापरला होता. तेव्हा ती माझ्या मागे उभी होती का, हे विचारायची हिंमत त्या होस्टेलात असेपर्यंत मला झाली नाही.