चारचौघांत सांगितलेली गोष्ट

आमचा गट हरला तो माझ्यामुळे, आणि मी ती हार अण्णांच्या माथी मारली. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

सोलापुरातल्या एका मिलमध्ये आम्ही दोघं साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, जॉबर होतो. माग आणि मागावरची माणसं, दोन्हींवर नजर ठेवायची. अण्णा माझ्याहून थोरले. मला काम त्यांनीच शिकवलं. माग सुरू असताना खात्यात कुणाचा आवाज कुणाला ऐकू येत नसे. सगळं बोलणं ओठांनी आणि हातांनी. त्यामुळे अण्णांचे कान गेलेत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मला कळलं ते हॉटेलात. ते मान खाली घालून बशीत चहा ओतत होते आणि मी दोनदा विचारूनही उत्तर देत नव्हते. मग त्यांनीच सांगितलं.

"खात्यात कळू देऊ नकोस. बहिरा जॉबर कोण ठेवतंय?"

मी शपथ घेतली.

पुढे खात्यात असिस्टंट मास्तरची, म्हणजे जॉबरच्या वरची, जागा निघाली. जागा एकच, आणि नावं दोघांची घेतली जात होती, अण्णांचं आणि माझं. त्याच सुमारास मिलनं आम्हा जॉबरांसाठी नेतृत्वाचं शिबिर ठेवलं. पुण्याहून शिकवायला एक साहेब आले. शाळेच्या मैदानात बाकं, बादल्या, खुर्च्या वाटेल तशा मांडल्या होत्या. गटातल्या एकाचे डोळे बांधायचे आणि बाकीच्यांनी हात न लावता, नुसतं बोलून त्याला दुसऱ्या गटांच्या आधी पलीकडे न्यायचं. आमच्या गटाचा पुढारी मी होतो. मॅनेजर खुर्ची टाकून बघत बसले होते.

"सगळ्यांत अनुभवी माणसाचे डोळे बांधा," साहेब म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज नाही. "तू बांधून घे." मला ते स्वच्छ कळलं. 'साहेब, मी जातो,' एवढंच म्हणायचं होतं. मी गप्प राहिलो. का, ते मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलंय. उत्तर चांगलं येत नाही.

पट्टी बांधल्यावर अण्णा पार एकटे पडले. मी ओरडत होतो, "डावीकडं, अण्णा, डावीकडं." ते सरळ बादलीवर गेले. पोरं हसली. "अण्णा, सकाळी सकाळीच टाकली काय?" एक जण म्हणाला. अण्णा हात पुढे करून मैदानाच्या मधोमध उभे राहिले, कुणीतरी धरील म्हणून. नियम होता, म्हणून मी धरलं नाही.

नंतर गोल करून बसवलं आणि साहेबांनी मला विचारलं, "पुढारी म्हणून तुमचं काय चुकलं?"

मॅनेजर ऐकत होते. मी म्हणालो, "माझं काही नाही, साहेब. त्यांना ऐकू येत नाही."

अण्णा तेव्हा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी ते ओठांवरून वाचलं.

महिन्याभरात त्यांना गोदामात कापडाचे तागे मोजायला बसवलं आणि मी असिस्टंट मास्तर झालो. ते वाटेत भेटले तर मान हलवायचे. मीच सायकल दुसऱ्या रस्त्यानं न्यायला लागलो.

काही वर्षांनी तसंच शिबिर झालं. या वेळी जॉबरांना खेळ शिकवायचं काम माझ्याकडे आलं. एका माणसाच्या मागे पट्टी घेऊन उभा राहिलो आणि मला गाठ मारता येईना. दुसऱ्याच्या हाती पट्टी दिली. संध्याकाळी थेट शहराच्या पूर्वभागात अण्णांच्या घरी गेलो.

ते ओट्यावर बसले होते. वहिनी आणि शेजारच्या बायका पुढ्यात सुपं घेऊन विड्या वळत होत्या.

"या की, मास्तर. रस्ता चुकला काय?"

मी त्यांच्यासमोर बसलो आणि बायकांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, नुसते ओठ हलवून म्हणालो, "माझं चुकलं."

त्यांना ते कळलं होतं. डोळ्यांत दिसलं मला. तरी त्यांनी कानामागे हात धरला.

"मोठ्यानं बोला की. मला ऐकू येत नाही."

बायकांचे हात थांबले. मी उठून उभा राहिलो आणि आवाज चढवून म्हणालो, "अण्णा, तुम्ही विश्वासानं सांगितलेलं मी चारचौघांत बोललो. ती जागा मला हवी होती, म्हणून बोललो. मला माफ करा."